आपल्या माणसासाठी गोधडी शिवायची तर

बारसं, डोहाळजेवण, लग्न, साठीशांत, वास्तुशांत, नाहीतर लेक परदेशी निघाली म्हणून. अशा वेळी हाताने शिवलेली गोधडी द्यावी असं हल्ली पुष्कळांच्या मनात येतं. कपाटात आईच्या, आजीच्या मऊ झालेल्या साड्या असतातच. त्या टाकवत नाहीत आणि कुणी नेसतही नाही. मग एखाद्या रविवारी उत्साहात डबल बेडची गोधडी काढली जाते, चार ओळी होतात आणि ते बोचकं पलंगाखाली जातं. तिथून ते दिवाळीच्या साफसफाईलाच बाहेर येतं.

असं होऊ नये म्हणून दोन गोष्टी आधीच ठरवा. पहिली गोधडी लहान करायची. आणि जी करायची ती रोज अंगावर घेता येईल, धुता येईल, नातवाने तिच्यावर दूध सांडलं तरी कुणाचा जीव खालीवर होणार नाही, अशी करायची. कापड कोणतं घ्यायचं, थर किती, टाका केवढा, हे सगळं या दुसऱ्या गोष्टीवरून ठरतं. भिंतीवर टांगायची असेल तर हा लेख तुमच्या फारसा कामाचा नाही.

कुणाला आणि केवढी

बाळासाठी दुपटं: ३६ बाय ३६ इंच, तीन थर. बाळंतविड्यात झबली, टोपडी, लंगोट यांच्याबरोबर हाताने शिवलेलं दुपटं असलं की तो विडा वेगळाच दिसतो. शिकायलाही हेच सर्वांत बरं, कारण ते मांडीवर मावतं आणि आठवड्याभरात हातावेगळं होतं. एक सांगून ठेवते: दुपटं बाळाच्या खाली घालायला आणि उचलून घेताना गुंडाळायला. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या अंगावर सुटं पांघरूण टाकू नये, ते तोंडावर येऊ शकतं. वर्षाच्या आतल्या बाळांबद्दल बालरोगतज्ज्ञ हेच सांगतात.

म्हाताऱ्या माणसासाठी गुडघ्यांवर घ्यायची लहान गोधडी: ४० बाय ५० इंच, तीन किंवा चार थर. खुर्चीत बसून टीव्ही बघताना, प्रवासात, दवाखान्यात ही फार उपयोगी पडते. जड करू नका. ज्यांच्या हातात जोर राहिलेला नाही त्यांना स्वतःची स्वतः ओढून घेता आली पाहिजे.

एका माणसाची पूर्ण गोधडी: ६० बाय ८४ इंच, म्हणजे पाच फूट बाय सात फूट. मुंबई-कोकणात तीन-चार थर पुरतात, नाशिककडच्या थंडीला पाच लागतात. सात-आठ थरांच्या जाड वाकळा देशावर अजून घरोघर आहेत, पण नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. सुई आरपार जातच नाही, बोटं मात्र सोलून निघतात.

डबल बेडची गोधडी तिसऱ्या-चौथ्या खेपेला.

कात्री लावायच्या आधी घरात विचारा

ही पायरी लोक गाळतात आणि मग वर्षानुवर्षं अबोले धरतात. आईच्या साडीवर सगळ्या भावंडांचा जीव असतो. तुम्हाला जी जुनाट सुती साडी वाटते, ती कुणाच्या तरी मुंजीत आईने नेसलेली असते आणि ते त्या भावालाच ठाऊक असतं. तेव्हा साड्या अंथरून फोटो काढा, सगळ्यांना पाठवा, कोणती कापायची आणि कोणती तशीच ठेवायची ते ठरू द्या. पैठणी, शालू, लग्नातली साडी यांना हातच लावू नका. ती वस्त्रं तशीच द्यावीत. शिवाय जर आणि रेशीम गोधडीत टिकत नाही, ते पुढे येतंच.

कापड गेलेल्या माणसाचं असेल तर घेणाऱ्याला आधी सांगा. काही घरांत पणजीच्या लुगड्याचं दुपटं म्हणजे बाळाला थेट आशीर्वाद. काही घरांत तेच चालत नाही, विशेषतः तान्ह्या बाळाला. यात बरोबर-चूक काही नाही, फक्त बारशाच्या दिवशी हे कळायला नको.

कापड पारखणं

गोधडीला लागतं ते सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलं, पण अजून दम असलेलं कापड. नऊवारी लुगडी, सुती पातळं, धोतर, लुंगी, मलमलचे दुपट्टे, सुती शर्ट, जुन्या पलंगपोसाचा मधला चांगला भाग, सगळं चालतं. धोतर तर मधल्या थराला सोन्यासारखं: पातळ, मऊ आणि पांढरं, म्हणजे रंग सुटायची भीती नाही.

सुती आहे की नाही ते नजरेने नेहमी कळत नाही. कापडाच्या कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरा आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर, जवळपास काही नसताना, पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटाने चुरली की नाहीशी होते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतं. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो. पॉलिस्टरच्या साड्या दिसायला कितीही छान असोत, बाजूला ठेवा. त्या घसरतात, थर एकमेकांवर बसत नाहीत, घाम टिपत नाहीत. रेशीम आणि सूत एकत्र घातलं तर धुताना दोन्ही वेगवेगळ्या तऱ्हेने वागतात, आणि जरीची किनार गालाला बोचते.

मग दम पाहा. कापड खिडकीशी उजेडात धरा. जिथे जाळीसारखं दिसतं तिथे ते विरलेलं आहे. अंगठ्यांमध्ये धरून आडवं-उभं ताणा. टर्रकन गेलं तर तो भाग टाकून द्या. तो मधल्या थरातही नको, कारण आत त्याचा चुरा होतो आणि गोधडी तिथे पोकळ पडते. नेसत्या साडीचा खालचा काठ, बसायचा भाग आणि खांद्यावर पिन लागायची जागा लवकर झिजते. पदराचा बराचसा भाग आणि आतला, पहिला खोचायचा वार शाबूत असतो. आतल्या वाराचा तर रंगही उडालेला नसतो. वरच्या थराला तोच घ्या.

फॉल उसवा, पिको काढा, शर्टाची बटणं आणि कॉलर कापून टाका. बाळाच्या दुपट्यात बटण, टिकली, आरसा, मणी काहीही नको.

सगळं कापड शिवायच्या आधी धुवायचं. जुन्या साडीत कांजी असेल तर ती पूर्ण निघाली पाहिजे, कांजीच्या कापडातून सुई कुरकुरत जाते. नवं सुती कापड घेतलं असेल तर ते गरम पाण्यात भिजवून, वाळवून मगच कापा. न आटलेलं नवं कापड जुन्याला जोडलं की पहिल्याच धुण्यात गोधडीला सुरकुत्या पडतात. रंगासाठी पांढरा ओला फडका कापडावर जोरात घासून बघा. गडद लाल, निळा, जांभळा, हिरवा हमखास दगा देतात. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं सगळेच सांगतात. त्या भरवशावर राहू नका. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा आणि चौथ्या-पाचव्या धुण्यालाही रंग जात असेल तर ती साडी वगळा.

हिशोब

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच लांब. पन्हा, म्हणजे रुंदी, ४५ इंचांच्या आसपास. तुमच्या साडीचा मोजून घ्या, जुन्या साड्यांत फरक असतो.

दुपट्याला वरचा आणि खालचा थर ३८ इंची चौकोन (चारी बाजूंनी एकेक इंच दुमडायला), मधला थर ३६ इंची. पन्ह्यात जोड न देता बसतो. एका साडीत असे पाच तुकडे निघतात, म्हणजे एकाच साडीत तीन थरांचं दुपटं होऊन कापड उरतं.

पाच बाय सातच्या गोधडीला साडी आडवी लावायची. ६२ इंच लांबीचे दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की ६२ बाय ८९-९० इंचाचा एक थर मिळतो. हवा ६२ बाय ८६, जादाचं कापड मधल्या जोडात दाबून टाका. एका सहावारीत ६२ इंची तीन तुकडे निघतात. चार थरांना आठ तुकडे हवेत, तीन साड्यांत नऊ होतात. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटर भरतं, त्यात पाच तुकडे.

अशा मांडणीत साडीचे काठ डोक्याकडे, पायाकडे आणि मधोमध येतात. पहिल्या गोधडीला एवढी सजावट पुरे. इरकलीचा काठ असा मध्ये आला की वेगळं काही करावंच लागत नाही. ठिगळांची नक्षी हवी असेल तर पाच इंची चौकोन कापा, अर्धा-अर्धा इंच शिलाईत जाऊन चार इंची राहतील. ते यंत्रावर जोडले तरी हरकत नाही. जोडाच्या शिलाया इस्त्री करून एका बाजूला पाडा. पन्नास वेगवेगळे तुकडे घेण्यापेक्षा घरातल्या चार-पाच माणसांचं ओळखू येईल असं एकेक कापड घ्या. आजोबांच्या चौकड्याच्या शर्टाचा खिसा उसवू नका. खिशासकट सहा-सात इंची चौकोन कापा आणि खिशाचं तोंड उघडं राहील असा वरच्या थरात बसवा. खिशाच्या आतून टाका घालताना एक थर सोडून जायला नको, एवढं सांभाळा. त्या खिशात लहान मुलं काय काय ठेवतात ते तुम्हाला पुढे कळेलच.

आता मुख्य आकडा. ६० बाय ८४ इंचाची गोधडी इंचा-इंचावर ओळी घालून शिवली तर धावदोरा, म्हणजे वर-खाली जाणारा साधा टाका, होतो सुमारे १२८ मीटर. दीड इंचावर घातला तर ८५ मीटर. दुपट्याचा ३३ मीटर. नवा हात तासाला पाच-सहा मीटर जातो, म्हणजे दुपट्याला पाच-सहा तास आणि पूर्ण गोधडीला वीस-पंचवीस. रोज तासभर बसलात तर महिना धरा. बारशाची तारीख समोर ठेवून उलटं मोजा, आणि धुऊन वाळवायला चार दिवस त्यातच धरा.

दोऱ्याचाही अंदाज यातूनच येतो. दोरा दुपदरी, म्हणून १२८ मीटरला अडीचशेच्या वर, वाया जाणारा धरून तीनशे मीटर. रिळावर मीटर छापलेले असतात, ते वाचून एकाच वेळी घ्या. मागाहून आणलेल्या रिळाची छटा जुळत नाही.

सुई, दोरा आणि बाकीचं

बोटभर लांब, बारीक पण न वाकणारी, नेढं जरा मोठं असलेली सुई घ्या. दाभण नको, त्याने जुन्या कापडाला भोकं राहतात. दोरा सुती आणि भक्कम. हाताने ताणून तुटणारा दोरा गोधडीत चार महिने टिकत नाही. उलट नायलॉनचा चिवट दोरा जुनं कापडच कापत जातो. दोऱ्यावरून मेणाचा तुकडा एकदा फिरवला की गुंता होत नाही. मधल्या बोटाला अंगुस्तान, म्हणजे शिवणाची टोपी, घाला. पहिल्या दिवशी ते अडचणीचं वाटतं, तिसऱ्या दिवशी त्याशिवाय बसवत नाही.

दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नका. लांब दोऱ्याने काम भरभर होईल असं वाटतं. होतं उलटंच, गाठी सोडवण्यात वेळ जातो. आखूड दोऱ्याने मोठ्या गोधडीला दोनशेच्या वर वेळा सुई ओवावी लागते, म्हणून एकदम दहा-बारा सुया ओवून उशीला टोचून ठेवाव्यात. हे काम पूर्वीपासून घरातल्या पोरांचं. ज्याच्या भावंडासाठी दुपटं होतंय त्याला बसवा ओवायला. आणि उठताना सुया मोजा. बाळाच्या दुपट्यात हरवलेली सुई सापडेपर्यंत कुणी झोपू नये.

थर लावणं

जमीन पुसून कोरडी करा. अस्तराचा थर उलट्या बाजूने वर करून अंथरा, हाताने सपाट करा, कोपऱ्यांवर वरवंटा, डाळींचे डबे, काहीही जड ठेवा. कापड ताठ असावं पण ओढलेलं नको. ओढून बसवलं तर सोडल्यावर आकसतं. त्यावर मधले थर. ते कडेपासून इंचभर आत संपले पाहिजेत. मधल्या थरात लहानमोठे तुकडे वापरायचे असतील तर एकावर एक चढवू नका, कडेला कड टेकवा. दोन थरांचे जोड एकाच जागी येऊ देऊ नका, नाहीतर तिथे उंचवटा येतो आणि सुई अडते. सोलापुरी चादर मध्ये घालावी असा मोह बऱ्याच जणांना होतो, उबेला ती चांगलीच. पण हाताने तिच्यातून बारीक टाका निघत नाही. त्यापेक्षा धोतराचे दोन थर घाला. कापूस भरायचा विचारही नको: तो पिंजून एकसारखा भरावा लागतो, आणि नीट जखडला नाही तर धुण्यात त्याचे गोळे होतात.

वरचा थर सुलट्या बाजूने वर. आता वरच्या आणि खालच्या थराची इंचभर कड आत दुमडा, मधला थर त्या दुमडीत झाकला जाईल अशी. दोन्ही दुमडी समोरासमोर आणून पिना लावा.

यानंतर कच्चे टाके. वेगळ्या रंगाचा दोरा, दोन-दोन इंचांचे मोठे टाके, मधून सुरू करून कडांकडे, वीत-वीत अंतरावर उभे आणि आडवे. लोक इथे आळस करतात आणि पिनांवर भागवतात. पिना वाकतात, निघतात, आणि गोधडी इकडून तिकडे उचलताना थर हलतात. कच्च्या टाक्यांना घालवलेला तास पुढे चार तास वाचवतो.

धावदोरा

आपल्याकडची जुनी रीत अशी: कोपऱ्यापासून सुरू करायचं, कडेकडेने चारी बाजू फिरून यायचं आणि मग बोटभर आत सरकून दुसरा फेर, तिसरा फेर, असं आत-आत जात मध्यावर संपवायचं. पहिल्या फेरातच कड बंद होते, वेगळा गोट, म्हणजे कडेची पट्टी, लावावा लागत नाही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) बायकाही त्यांची कवंदी, म्हणजे गोधडीच, अशीच बाहेरून आत शिवत नेतात आणि चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या तिकोनी चिंध्यांची ‘फुलं’ लावतात. फुलं नसलेली कवंदी त्या अपुरी मानतात. बंगालच्या कांथ्यातही, म्हणजे तिकडच्या गोधडीतही, हाच साधा धावदोरा. तिथे जुन्या साडीच्या काठातून रंगीत धागे उसवून तेच सुईत ओवायची पद्धत होती.

गाठ मारा, सुई वरच्या थरातून आत घाला आणि हलका हिसका द्या. गाठ पुटकन आत जाते आणि थरांमध्ये लपते. उजव्या हातात सुई, डावा हात गोधडीखाली. सुईचं टोक खालच्या बोटाला जेमतेम लागलं की वर वळवायचं. तेवढं लागलं नाही तर खालचा थर सुटलाय असं समजा. सुईवर तीन-चार टाके भरायचे, मग दोरा ओढायचा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा असावा म्हणतात. तुमचा पहिल्या दिवशी शेंगदाण्याएवढा येईल, येऊ द्या. टाके लहान असण्यापेक्षा सारखे असणं महत्त्वाचं, आणि सारखेपणा दुसऱ्या-तिसऱ्या फेराला आपोआप येतो.

दोरा किती ओढायचा हे मात्र हाताला शिकवावं लागतं. ओढल्यावर टाक्याच्या दोन्ही बाजूंना कापड किंचित फुगलं पाहिजे, पण ओळीवर चुण्या पडता कामा नयेत. चुणी पडली तर तिथेच थांबा, ओळीवरून अंगठा दाबत फिरवा, दोरा मागे सरकतो. माझी आत्या दर हातभर ओळीनंतर गोधडी उलटी करून बघायची. तेच करा. खाली टाका सुटला असेल तर लगेच उसवता येतो, दहा ओळींनंतर उसवायला कुणी धजत नाही.

दोरा संपत आला की चार बोटं राहू द्या, एक उलटा टाका घाला, सुई थरांमधून दोन इंच सरकवून बाहेर काढा आणि दोरा कापडालगत कापा. टोक आत नाहीसं होतं. गाठी वर ठेवू नका, त्या पाठीला टोचतात.

बाहेरून आत येण्यात एक अडचण आहे. सुटं कापड फेरागणिक मध्याकडे ढकललं जातं आणि शेवटी तिथे फुगा येतो. कच्चे टाके नीट असतील तर तो लहानसाच राहतो. प्रत्येक फेराआधी तळहाताने कापड आतल्या बाजूने बाहेर सारत चला. तरीही फुगा राहिला तर त्याची घडी पाडून वर एक छानसं ठिगळ बसवा. जुन्या गोधड्यांत मधोमध एखादा वेगळाच चौकोन दिसतो, त्यांतले कितीतरी याच कारणाने आलेले असतात. पाच बाय सातच्या गोधडीत इंचा-इंचाने तीस फेर झाले की मधोमध दोन फुटांची एकच सरळ ओळ उरते. ती घालायला घरातल्या सगळ्यांना बोलवा, प्रत्येकाने चार-चार टाके घालायचे. ते वेडेवाकडे येतील. उसवू नका.

फुग्याची भीती वाटत असेल तर दुपट्याला दुसरी रीत वापरा: कडेचा एक फेर घालून घ्या आणि मग मधल्या ओळीपासून दोन्ही बाजूंना सरळ उभ्या ओळी. दिसायला साधी, पण चुकायला वाव कमी. ओळी खडूने आखून घेतल्या तरी चालतं. पेनाने आखू नका.

कमरेचं बघा. जमिनीवर गोधडी पसरून, तिच्यावरच बसून शिवायची सवय ज्यांना आहे त्यांनी तसं शिवावं. बाकीच्यांनी जेवणाच्या टेबलावर पसरून, शिवायचा भाग तेवढा पुढे घेऊन शिवलं तर पाठ धरत नाही. एका बैठकीला तासभर पुरे. थकल्यावर घातलेली ओळ दुसऱ्या दिवशी लगेच ओळखू येते.

सगळं झाल्यावरच कच्चे टाके उसवा.

नाव घाला

मागच्या बाजूला, पायाकडच्या कोपऱ्यात, पांढऱ्या सुती कापडाचा तळहाताएवढा तुकडा लावा. त्यावर आधी पेन्सिलीने लिहा आणि साखळी टाक्याने भरा: कुणासाठी, कुणी, कोणत्या साली, कुणाच्या कापडाची. ‘आजीची दोन पातळं, बाबांचं धोतर’ एवढं पुरतं. सुविचार वगैरे भरायला जाऊ नका. मराठी अक्षरं साखळी टाक्याने भरायला वेळ लागतो आणि जोडाक्षराला घाम फुटतो. कोणता तुकडा कुणाचा हे कागदावर लिहून त्याचा फोटोही गोधडीबरोबर द्या. वीस वर्षांनी नातीला चौकड्याचा शर्ट कुणाचा होता हे सांगायला कुणी असेलच असं नाही.

धुणं, ठेवणं, देणं

देण्याआधी तुम्ही स्वतः एकदा धुवा. नवरात्राआधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायला निघतात, तेव्हा तुमची गोधडी बाकीच्यांबरोबर बादलीत जाणारच आहे. जे काही उसवायचं, आटायचं, रंग सोडायचं ते तुमच्यासमोर होऊ द्या. कोमट पाणी, साधी साबणाची पूड, अर्धा तास भिजवण. धोपटायची नाही, ब्रश नको. तीन साड्यांची गोधडी कोरडी दीड ते दोन किलो भरते, नेहमीच्या घरगुती मशीनमध्ये एकटी घातली तर धुऊन निघते. हाताने धुतलीत तर ओली गोधडी एका दोरीवर टांगू नका, पाण्याच्या वजनाने टाके ताणतात. दोन-तीन दोऱ्यांवर पसरा किंवा गच्चीच्या कठड्यावर टाका, आणि दोन्ही बाजू कडक वाळल्याशिवाय घडी घालू नका.

ठेवायची वेळ आली तर जुन्या सुती पिशवीत, कडुनिंबाच्या सुकलेल्या पाल्याबरोबर. बाळाच्या दुपट्यात डांबरगोळ्या अजिबात नकोत. काही बाळांना त्यामुळे रक्ताचा आणि काविळीचा गंभीर त्रास होऊ शकतो.

शिवायला खरंच वेळ नसेल तर गोधड्या शिवून देणाऱ्या बायका गावोगाव आणि शहरांतही आहेत. साड्या तुम्ही द्या, वरचा थर कोणता ते दाखवा, थर किती आणि ओळी किती अंतरावर हे बोलून घ्या, आणि शेवटची ओळ व नावाचा तुकडा स्वतःकडे ठेवा. मजुरीत घासाघीस करण्याआधी ते १२८ मीटर आठवा.

परदेशी पाठवायची असेल तर हवा काढायच्या पिशवीत ती सूटकेसमध्ये चार बोटं जागा घेते, वजन मात्र जातंच. तिकडे घरं गरम असतात, तेव्हा तीन थरांचीच करा. तिकडचे लोक ड्रायर लावतात, त्यात सुती कापड आणखी आटतं. म्हणून कापड आधी गरम पाण्यातून काढलेलं हवं, आणि घडीत एक चिठ्ठी टाका: ‘ड्रायरमध्ये घालू नकोस, खुर्चीवर पसरून वाळव. फाटली तर वरून ठिगळ लाव, नाहीतर इकडे येताना घेऊन ये.’